कर्ज फेडल्याचा दंड

गेल्या शनिवारी सकाळी चहा पिता पिता मी माझ्या गृहकर्जात ५०,००० रुपये जादा भरले. बँकेच्या ॲपवर 'पार्ट पेमेंट' असं एक बटण आहे. ते दाबलं, रक्कम टाकली, 'हप्ता कमी करायचा की मुदत?' असा प्रश्न आला, मुदत निवडली, ओटीपी टाकला. चहा निवायच्या आत काम झालं. शिल्लक मुद्दल ३३ लाखांवरून साडेबत्तीस लाखांवर आलं आणि राहिलेले १३३ हप्ते १३० झाले. माझा हप्ता ३८,००० चा. म्हणजे आज ५० हजार देऊन पुढचे सव्वा लाखाच्या आसपासचे हप्ते उडवले. अशा वेळी उगाचच आपण फार हुशार आहोत असं वाटतं.

बाबा शेजारी पेपर वाचत बसले होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, "चार्ज किती कापला?"

"शून्य."

"नीट बघ. नंतर लावतील."

"अहो बाबा, लावतच नाहीत आता. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे."

बाबांनी पेपर घडी करून ठेवला, आत गेले आणि लोखंडी कपाटातून एक जाडजूड फाइल घेऊन आले. वर त्यांच्या सुवाच्य अक्षरात 'घर - १९९९'. आमच्या चिंचवडच्या जुन्या वन बीएचकेच्या कर्जाची फाइल. ती उघडून त्यांनी मधलं एक पत्र माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "मग हे काय होतं?"

त्या पत्रापायी माझा अख्खा विकांत गेला. मी काही इतिहासाचा विद्यार्थी नाही, दिवसभर जावा लिहितो, तेव्हा चुभूद्याघ्या.

आधी बाबांचं कर्ज. १९९९ साली ४ लाख रुपये, १५ वर्षांसाठी, साडेतेरा टक्के स्थिर व्याजाने. हप्ता ५,२९२ रुपये. मी सवयीप्रमाणे हे आकडे एक्सेलमध्ये टाकले तर हप्ता ५,१९३ येतो. ९९ रुपये कुठून आले? दोनदा तपासलं, मग करारात शब्द सापडला: 'ॲन्युअल रेस्ट'. ज्यांनी नव्वदीत कर्ज काढलं असेल त्यांना हा शब्द चांगला माहीत असेल. माझ्या पिढीला नाही. त्याचा अर्थ असा, की तुम्ही हप्ता दरमहा भरायचा, पण त्यातलं मुद्दल तुमच्या खात्यावर वजा होणार वर्षातून एकदाच, वर्षअखेरीला. एप्रिलमध्ये भरलेल्या पैशावर तुम्ही मार्चपर्यंत व्याज देतच राहायचं. त्या काळी ही सर्रास पद्धत होती, त्यात बेकायदा काही नव्हतं. पण ९९ गुणिले १८० केलं की १७,८२० होतात, आणि हे १९९९ चे रुपये.

आता ते पत्र. २००४ सालचं. तोवर गृहकर्जाचे दर कोसळले होते. नवीन गिऱ्हाइकाला आठ टक्क्यांच्या आसपास कर्ज मिळत होतं आणि बाबा साडेतेरानेच भरत होते. पाच वर्षं नेमाने हप्ते भरूनही शिल्लक होती ३,३७,८०० रुपये (सुरुवातीची वर्षं हप्त्यातला बहुतेक भाग व्याजच खातं, त्यात हे साडेतेरा टक्के!). दुसरी एक बँक आठ टक्क्यांनी कर्ज द्यायला तयार होती. बाबांनी जुन्या कर्जदात्याला विचारलं, खातं बंद करायचं आहे, किती द्यायचे? उत्तर आलं: शिल्लक अधिक मुदतपूर्व फेडीचा आकार दोन टक्के, म्हणजे ६,७५६ रुपये.

आई सांगते, बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. "घेतलेले पैसे परत करायला गेलो तर वर दंड? मी चोरी केलीय का?" हे वाक्य त्यांनी पुढचे कितीतरी महिने ऐकवलं म्हणे. मी तेव्हा दुसरीत होतो, मला फक्त फोनवरचा चढलेला आवाज आठवतो. त्यांनी दंड भरला नाही, कर्जही हलवलं नाही. २०१४ पर्यंत, एकही हप्ता न चुकवता, साडेतेरानेच फेडलं.

मी रविवारी रात्री हिशेब केला. ३,३७,८०० रुपये, १० वर्षं, ८ टक्के स्थिर, मासिक पद्धत. हप्ता येतो सुमारे ४,१०० रुपये. बाबांच्या हप्त्यापेक्षा महिना जवळजवळ १,२०० कमी. दहा वर्षांचे एक लाख ४३ हजार. नवीन बँकेची प्रोसेसिंग फी, गहाणखताचा खर्च, सगळं वजा करा. बदलत्या व्याजाचं कर्ज घेतलं असतं तर २००७-०८ मध्ये दर बरेच चढले, तेव्हा काही वर्षं हा फरक अगदी किरकोळ राहिला असता, तेही धरा. तरीसुद्धा ६,७५६ रुपयांच्या रागापायी बाबांनी बरेच पैसे घालवले. हा आकडा त्यांना सांगावा की नाही, ह्यावर माझं मन बराच वेळ अडलं. ते पुढे सांगतो. आधी, हा दंड आला कुठून?

कर्ज लवकर फेडणं ही चांगली गोष्ट आहे, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. कर्ज देणाऱ्याला मात्र ते तसं कधीच वाटलेलं नाही. त्याचं उत्पन्नच मुळी तुम्ही न फेडण्यात आहे. आपल्याकडे ह्याचा सगळ्यात उघडावाघडा नमुना म्हणजे एकोणिसाव्या शतकातला दख्खनचा सावकार.

१८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि सावकारांनी शेतकऱ्याला हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव पडले, त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. कर्ज फिटेना. मग सावकाराने जुना कर्जरोखा फाडायचा, थकलेलं व्याज मुद्दलात मिसळायचं आणि त्या नव्या मोठ्या रकमेचा नवा रोखा लिहून घ्यायचा. पुन्हा त्या रकमेवर व्याज. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची वैधता तीन वर्षांवर आणली होती. हेतू असा होता, की व्याज साचत जाऊ नये. सावकारांनी उलटाच उपयोग केला, दर तीन वर्षांनी रोखा नवा करायचं निमित्तच मिळालं. शेतकऱ्याने मधे काही भरलं तर त्याची पावती नाही. वहीत काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नाही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात ह्याचा स्फोट झाला. लोकांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि वह्या नि कर्जरोखे जाळले. पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत हेच झालं. मला ह्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: जमावाचा मुख्य रोख कागदांवर होता. (आमच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेस उडवला, आणि बॅकअप नव्हता.)

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांसाठी. त्यात न्यायालयाला अधिकार दिला की रोख्यावर लिहिलेल्या आकड्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा सुरुवातीपासून हिशेब काढा, किती दिले किती घेतले ते बघा. आणि सावकाराने पैसे मिळाल्याची पावती द्यायची, हिशेबाचा उतारा द्यायचा, कर्जदाराने मागितलं तर पासबुक भरून द्यायचं. पावती आणि पासबुक! आपल्याला ह्या इतक्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींसाठी लोकांनी आधी वह्या जाळल्या होत्या.

दामदुपटीचा नियम त्याच्याही आधीचा. थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही, हा धर्मशास्त्रातला जुना नियम. मुंबई इलाख्यात इंग्रजांची न्यायालयंही तो हिंदू कर्जदारांना लावत असत. बाबांनी ४ लाखांवर पंधरा वर्षांत साडेनऊ लाखांहून जास्त भरले, म्हणजे व्याजच साडेपाच लाख. मी हे वाचून उड्या मारत बाबांना सांगायला निघालो होतो, तेवढ्यात लक्षात आलं की नियम थकलेल्या व्याजाचा आहे. बाबांनी काही थकवलंच नव्हतं. वेळेवर भरणाऱ्याला दामदुपटीचं संरक्षण नाही. असो.

ह्या सगळ्या कायद्यांत 'लवकर फेडायचंय' म्हणणाऱ्या माणसासाठी काय आहे? शोधत गेलो तर जवळजवळ काहीच नाही.

आपला गहाणाचा कायदा म्हणजे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याचं कलम ६० गहाण सोडवून घेण्याचा हक्क देतं. हा हक्क इंग्लंडमधून आला. तिकडे जुन्या काळी ठरलेल्या दिवशी पैसे दिले नाहीत की जमीन गेली, विषय संपला. सतराव्या शतकापासून तिथल्या चान्सरी न्यायालयाने म्हणायला सुरुवात केली, की दिवस टळला म्हणून काय झालं, माणूस पैसे घेऊन आलाय ना, मग जमीन परत करा. 'एकदा गहाण ते कायम गहाण' अशी त्यांची म्हणच झाली, म्हणजे गहाणाचं परस्पर खरेदीखत करता येणार नाही. फार मोठी गोष्ट होती ही. पण कलम ६० नीट वाचा. हा हक्क सुरू होतो पैसे देय झाल्यानंतर. उशिरा येणाऱ्याला कायद्याने दार उघडं ठेवलं, लवकर येणाऱ्याला नाही. करारात तशी सोय नसेल तर मुदतीआधी पैसे घेऊन गेलात तरी धनको 'नको' म्हणू शकतो. आमचे आजोबा 'ताबेगहाण' ह्या शब्दाला भयंकर घाबरायचे, ते का ते मला आत्ता कळलं. जमीन सावकाराच्या ताब्यात, पीक तो खातो, आणि मुदत वीस वर्षांची लिहिलेली असेल तर पाचव्या वर्षी तुमच्याकडे पैसे आले तरी सहसा उपयोग नाही.

ह्या मुद्द्यावरचा सगळ्यात गाजलेला खटला लंडनचा आहे आणि तो वाचताना मला सारखे बाबा आठवत होते. नाइट्सब्रिज इस्टेट्स नावाची एक कंपनी. लंडनच्या उच्चभ्रू भागात तिच्या मालकीची घरं-दुकानं. तिच्यावर साडेसहा टक्क्यांचं कर्ज होतं. दर उतरले म्हणून १९३१ साली तिने दुसरीकडून ३ लाख १० हजार पौंडांचं कर्ज सव्वापाच टक्क्यांनी काढलं. फेड चाळीस वर्षांत, सहामाही ८० हप्त्यांत. काही वर्षांत दर आणखी उतरले. कंपनी म्हणाली, आम्हाला सगळं आत्ताच फेडायचंय. कर्ज देणारी संस्था म्हणाली, चाळीस वर्षं म्हणजे चाळीस वर्षं. खालच्या न्यायाधीशाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, अपील न्यायालयाने तो फिरवला, १९४० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनेही संस्थेचीच बाजू उचलून धरली. अपील न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: दोन जाणत्या पक्षांनी डोळे उघडे ठेवून करार केलाय, संस्थेलाही दीर्घ मुदतीची खात्रीची गुंतवणूक हवी होती, आता बाजारभाव बदलला म्हणून एकाला सुटता येणार नाही.

मला आधी राग आला. मग वाटलं, म्हणण्यात तथ्य आहे. समजा दर वाढले असते, तर संस्थेला 'आमचे पैसे आत्ताच परत द्या' म्हणता आलं असतं का? नाही. मग कर्जदारालाच सुटायची मुभा का? स्थिर व्याजाच्या कर्जात मुदतपूर्व फेडीचा हक्क ही खरोखरच किंमत असलेली वस्तू आहे, आणि तिची किंमत कोणीतरी मोजतंच. २००४ मध्ये बाबांच्या कर्जदात्याने दोन टक्के मागितले, ते ह्याच न्यायाने. पण बाबा म्हणजे काही चार वकील पदरी ठेवणारी इस्टेट कंपनी नव्हते. त्यांनी करारावर सही केली तेव्हा ते कलम वाचलं होतं का असं विचारलं, तर म्हणाले, "तिथे खुर्चीसुद्धा दिली नव्हती बसायला, वाचतोस काय?"

दरमहा मुद्दल नि व्याज दोन्ही असलेला समान हप्ता ही पद्धत इंग्लंडच्या बिल्डिंग सोसायट्यांमध्ये जुनी, पण देशभराच्या धोरणाने ती रुळली अमेरिकेत, १९३० च्या मंदीनंतर. त्याआधी तिकडे बरीच गृहकर्जं पाच-दहा वर्षांची असत. मुदतभर नुसतं व्याज भरायचं, शेवटी सगळं मुद्दल एकरकमी, नाहीतर कर्ज नवं करून घ्यायचं. मंदीत नवं कर्ज कोणी देईना, घरं जप्त व्हायला लागली. १९३३ मध्ये सरकारने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलं. त्याने सुमारे दहा लाख कर्जं आपल्याकडे घेऊन ती १५ वर्षांच्या मासिक हप्त्यांची करून दिली. आपला ईएमआय हा त्याच घराण्यातला.

भारतात मध्यमवर्गाला घरासाठी कर्ज मिळणं हीच १९७७ पर्यंत अपूर्वाई होती. एखादी सहकारी सोसायटी, आयुर्विमा, नोकरीतलं कर्ज, नाहीतर प्रॉव्हिडंट फंड. आयसीआयसीआयमधून निवृत्त झालेल्या हसमुखभाई पारेखांनी वयाच्या ६६ व्या वर्षी एचडीएफसी काढली. पहिलं कर्ज १९७८ मध्ये, मालाडच्या एका घरासाठी, साडेदहा टक्के. (ती एचडीएफसी २०२३ मध्ये तिनेच जन्माला घातलेल्या बँकेत विलीन झाली.) मग १९८८ मध्ये नॅशनल हाउसिंग बँक आली, नव्वदीत इतर कंपन्या आल्या, २००० नंतर बँका हिरिरीने उतरल्या. स्पर्धा आली तशी 'ॲन्युअल रेस्ट' मागे पडत गेली. मुदतपूर्व फेडीचा आकार मात्र राहिला, कारण आता गिऱ्हाईक पळून जायची भीती होती.

गंमत अशी, की तोवर बहुतेक कर्जं बदलत्या व्याजाची झाली होती. दर बदलायचा धोका सगळा कर्जदाराच्या डोक्यावर. मग नाइट्सब्रिजवाला युक्तिवाद उरतो कुठे? तरी बँका आकार घेत होत्या. बँकांचं उत्तर असं, की आम्ही ठेवी घेऊन दीर्घ मुदतीची कर्जं देतो, पैसे अवेळी परत आले तर आमची सांगड बिघडते. २००९ मध्ये एका वकिलाने हे प्रकरण स्पर्धा आयोगाकडे नेलं. डिसेंबर २०१० मध्ये आयोगाने बहुमताने निकाल दिला, की ह्या आकारात स्पर्धा कायद्याचा भंग नाही. विरोधी मतही नोंदवलं गेलं, पण हरलं ते हरलंच.

आणि जे खटल्याने झालं नाही ते परिपत्रकांनी झालं. ऑक्टोबर २०१० मध्ये नॅशनल हाउसिंग बँकेने गृहवित्त कंपन्यांना सांगितलं, की कर्जदार स्वतःच्या पैशातून फेडत असेल तर आकार घ्यायचा नाही. वर्षभराने सांगितलं, बदलत्या व्याजाचं कर्ज असेल तर पैसे कुठूनही आणू दे, आकार नाही. बँकांच्या ग्राहकसेवेवरच्या दामोदरन समितीने २०११ च्या अहवालात हेच सुचवलं, आणि ५ जून २०१२ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांनाही बंदी घातली. कारण सरळ दिलं होतं: ह्या आकारामुळे लोकांना स्वस्त कर्जाकडे जाता येत नाही, आणि जुन्या गिऱ्हाइकाला एक दर नि नव्याला दुसरा असं चालतं. २००४ ची आमच्या घरातली परिस्थिती शब्दशः. फक्त बाबांचं कर्ज तेव्हा संपायला दोन वर्षं उरली होती.

२०१४ मध्ये हा नियम व्यक्तींच्या इतर बदलत्या व्याजाच्या मुदत कर्जांनाही लागला. २०२५ च्या जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने नवे निर्देश काढले. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांत सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बदलत्या व्याजाची कर्जंही त्यात घेतली (काही छोट्या वित्तसंस्थांचे अपवाद आहेत).

आता माझं कर्ज. जानेवारी २०२२, ४० लाख, २० वर्षं, ७ टक्के, हप्ता ३१,०१२. डाउन पेमेंटमधला मोठा वाटा बाबांच्या निवृत्तीच्या पैशांचा. रेपो दर तेव्हा ४ टक्के होता, आणि नवीन पद्धतीप्रमाणे माझा दर त्याला बांधलेला: रेपो अधिक तीन. मे २०२२ पासून रेपो चढायला लागला. माझा हप्ता बदलला नाही म्हणून मी निवांत होतो. जानेवारी २०२३ मध्ये सहज ॲप उघडलं. दर ९.२५. शिल्लक ३९ लाख ३२ हजार. राहिलेले हप्ते: ४९४.

मला वाटलं बग आहे. स्वतः हिशेब केला. महिन्याचं व्याज ३०,३१५, हप्ता ३१,०१२, मुद्दलात जातात ६९७ रुपये. बरोबर ४९४ येतात. एकेचाळीस वर्षं. मी पंचवीस वर्षांचा होतो, कर्ज फिटणार सहासष्टाव्या वर्षी. एप्रिलमध्ये दर साडेनऊ होणार होता, तेव्हा व्याज होत होतं ३१,११७. हप्त्यापेक्षा १०५ रुपये जास्त. म्हणजे हप्ता भरूनही कर्ज वाढणार. व्याज मुद्दलात मिसळणार. तेव्हा मला सुप्याबद्दल काही माहीत नव्हतं, पण पोटात गोळा आला तो खरा. बँकेने हप्ता वाढवायचं पत्र पाठवायच्या आत मीच जाऊन तो ३८,००० करून आलो, आणि तेव्हापासून बोनस आला की त्यातले दीड लाख कर्जात.

हे माझं एकट्याचं झालं नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं: दर वाढला की कर्जदाराला कळवा, हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे त्याला विचारा, मधेच काही भाग किंवा पूर्ण फेडायची मुभा द्या, आणि मुदत लांबवताना व्याजही फिटत नाही अशी वेळ येऊ देऊ नका. शेवटचं कलम वाचताना १८५९ चा मुदतीचा कायदा आठवला. तेव्हा जमलं नव्हतं.

ऑफिसात माझा मित्र मला मूर्खात काढतो. सव्वाआठ टक्क्यांचं कर्ज कशाला फेडतोस, तेच पैसे एसआयपीत टाक, बारा टक्के मिळतील. करसवलतीचा मुद्दा आता त्याच्याकडे नाही, कारण आम्ही दोघंही नव्या करप्रणालीत आहोत आणि तिथे राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही. बाकीचं गणित कदाचित त्याचंच बरोबर ठरेल. पण बारा टक्के 'मिळतील' आहेत आणि सव्वाआठ 'वाचले' आहेत. शिवाय त्याने ४९४ हा आकडा स्वतःच्या नावापुढे पाहिलेला नाही. (डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ५.२५ झाला तरी मी हप्ता ३८ हजारच ठेवलाय.)

तर एक लाख ४३ हजार. रविवारी रात्री जेवणं झाल्यावर मी बाबांना सांगून टाकलं. लपवण्यात काय अर्थ होता? लॅपटॉप त्यांच्याकडे वळवून दाखवलं, की तेव्हा दंड भरून कर्ज हलवलं असतं तर इतके वाचले असते, दर वाढले असते तर थोडे कमी.

त्यांनी आकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "साधारण दीड लाख मी तेव्हाच काढले होते."

"मग?"

"मग काय? नाही भरला." थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्या आईने चार दिवस डोकं खाल्लं माझं. तिचं बरोबर होतं."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "वीस वर्षांनी का होईना!"

बाबांनी फाइल मिटली, परत उघडली आणि मला म्हणाले, "ते कालचं पन्नास हजारांचं, त्याची पावती आली का?"

"पीडीएफ आलीय मेलवर."

"छाप."

"बाबा, ॲपमध्ये कायम असतं ते."

"छाप म्हणतो ना."

घरचा प्रिंटर बिघडलेला, म्हणून सोमवारी ऑफिसातून छापून आणली. बाबांनी पंच मशीन काढून ठेवलंच होतं. नवीन फायलीवर त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, 'घर - २०२२'.